घुटी देण्याचा मान

"मॅडम, माय गेली..." कौसल्यामावशीच्या मुलीचा, वनिताचा फोन आला तेव्हा पांढरकवड्याच्या दवाखान्यातल्या माझ्या खोलीत मी एका गरोदर मुलीला एचआयव्हीचा रिपोर्ट समजावून सांगत होते. फोन ठेवला आणि पुन्हा बोलायला लागले. समुपदेशक आहे ना, बोलण्याचाच पगार घेते! मावशीला जाऊन महिना होत आला, आणि तिच्याबद्दल लिहायला आज कुठे बसले.

मावशी गावातल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. ठेंगणी, तोंडाची फटकळ, कोणाच्याही घरात थेट मोरीपर्यंत शिरणारी. मला ते जमण्यासारखं नव्हतं. माझी स्कूटी ज्या दारात उभी राहील, त्या घराबद्दल संध्याकाळपर्यंत गल्लीभर कुजबुज व्हायची. म्हणून सरिता (नाव बदललंय) बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी पार हवालदिल झाले. तिला एचआयव्ही होता, गोळ्या सुरू होत्या, पण तिच्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाळाला सहा आठवडे रोज औषधाचे थेंब द्यायचे आणि सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही. चोरून हे कसं निभायचं? मावशीला विश्वासात घेऊ का, असं मी सरिताला विचारलं. ती रडली, मग हो म्हणाली.

मावशीला समोर बसवून मी सगळं शिकवलं. घुटी बंद म्हणजे बंद, कोवळ्या आतड्याला वरचं काही सोसत नाही, दुधातल्या रोगाला आत शिरायला वाट मिळते... मावशीनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

बारशाच्या दिवशी सरिताच्या आईनं घुटी उगाळली आणि चमचा बाळाच्या ओठांपर्यंत नेला. सरिता नुसती बघत राहिली, पांढरीफटक. मावशीनं चमचा हातातून काढूनच घेतला.

"थांब वं! न्हाऊ मी घालतो, त घुटी द्याचा मानबी माहाच."

"हे कोन्या गावची रीत?"

"माह्या गावची!"

असली रीत कुठेच नाही. पण मावशीपुढे बोलायची कोणाची टाप होती? त्या दिवसापासून ती रोज सगळ्यांदेखत सहाणेवर घुटी उगाळायची, न्हाणीत नेऊन ओतून द्यायची. पदराआड बाळाच्या तोंडात औषधाचे थेंब तर ती जन्मल्या दिवसापासून देतच होती. एक दिवस खाडा नाही.

सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मावशी रोज माझ्या दारात. "आला का, मॅडम? काहून नाही येऊन राह्यला?" मी एकदा खेकसलेच तिच्यावर. भीती मलाही तेवढीच होती हो! बाळाच्या तोंडात पांढरं दिसत नाही ना, हे ती रोज बोट घालून बघते, असं सरितानं सांगितलं होतं.

रिपोर्ट चांगला आला. दूध तुटल्यावर, बाळ दीड वर्षाचं झालं तेव्हा शेवटची तपासणी झाली, तीही चांगली. मी धावत बाहेर जाऊन सांगितलं, तर मावशीनं हात धरून मला बाकावर बसवलं.

"माही नात, वनिताची पोर... तोंड पांढरं झालं, जुलाब थांबेना, मंग छातीत भरलं. पाचव्या महिन्यात गेली. लोक म्हने, नजर लागली. वनिताचा रोग त मांगून समजला." तिनं हात पुढे केले. "घुटी मीच देत होतो तिले. ह्याच हातानं."

आतून कोणीतरी हाक मारली. रांग वाढली होती. "बोलते हं नंतर," म्हणून मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेले. नंतर ती रोज दिसायची. विषय मी काढलाच नाही. आज काढू, उद्या काढू, करत दोन वर्षं गेली. लाज वाटते लिहिताना.

परवा वनिताला भेटायला गेले. तिनं चहा दिला आणि हळूच विचारलं, "माय म्हने, तिच्या घुटीनंच पोर गेली. खरं हाय का ते?"

"नाही गं. तू तेव्हा औषधावर नव्हतीस. पोटात असतानाच, बाळंतपणात, दुधातून... कशानंही लागण झाली असेल. नुसत्या घुटीवर खापर फोडता येत नाही. आईचा काही दोष नव्हता."

वनितानं माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "मायले सांगतलं व्हतं का हे तुमी?"

भिंतीला टेकून मावशीचा बाळं न्हाऊ घालायचा पाट उभा होता, तेलानं काळा पडलेला. "नाही सांगितलं," मी त्या पाटाकडे बघत म्हणाले.