एका नावाच्या दोघी

माझ्या नणंदेचं माहेरचं नाव गोजा. चाकणला रंगरावांच्या घरी दिली तेव्हा सासरच्यांनी ते बदलून कुसुम केलं. यात नवल काहीच नाही. मीही माहेरी छबू होते, मांडवात सावित्री झाले. जेवणाच्या पंगती खोळंबल्या होत्या, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, माझंसुद्धा.

कुसुम तिथे दहा-बारा वर्षं नांदली, पण मूल झालं नाही. मग रंगरावांनी दुसरी बायको केली. दोन बायका करायच्या नाहीत असा कायदा तेव्हा झाला होता म्हणतात. चाकणच्या त्या आळीत यायला त्याला वाट सापडली नसावी. शिवाय रंगराव हुशार. त्यांच्या घरात एक जुनी रीत होती. बायको मेली आणि दुसरी आणली, की नवीला मेलेलीचंच नाव ठेवायचं, म्हणजे मेलेलीचा जीव घुटमळत नाही. त्या रीतीप्रमाणे नवीचं नाव ठेवलं कुसुम. आमची कुसुम तेव्हा चुलीपुढे बसून त्याच लग्नाच्या पुरणपोळ्या लाटत होती. गावाला सांगायला मात्र रंगरावांची बायको एकच, कुसुम. भांडण करायला जागाच ठेवली नाही मेल्यानं.

मग आमची कुसुम पिंपरीला माहेरी, आमच्याकडे आली. रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. सांगितलं ते काम करायची आणि काम संपलं की भिंतीकडे बघत बसायची. मला तिचा राग यायचा. बाई, एकदा तरी गळा काढ, म्हणजे आम्हालाही तुझ्याबरोबर रडता येईल. पण नाही. माझा नवरा सोनबा तिला 'गोजे' म्हणून हाक मारायचा, तर ती वळायचीच नाही. 'कुसुम' म्हटलं तर मागे बघायची, दुसरं कुणीतरी उभं असल्यासारखं. माझं बरं होतं, मी नणंदेला वन्सं म्हणायचे.

त्या सुमाराला मारुतीच्या देवळात बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला. तिचं मन रमावं म्हणून मी तिला ओढून नेलं. शिकवायला यशवंतराव गुरुजी. एक दिवस त्यांनी आपल्या देशाला नाव कसं पडलं ते सांगितलं. सिंधू नावाची मोठी नदी. पलीकडच्या इराणी लोकांच्या तोंडी सिंधूचं हिंदू झालं, आणि नदीच्या अलीकडचा मुलूख तो हिंद. पुढे ग्रीक आले, त्यांनी 'ह'ही गाळला, त्यातून इंडिया. भारत हे आपलं घरचं, जुनं नाव.

वन्सं कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "म्हंजी हिंद हे नाव आपन ठिवलं न्हाई?"

"नाही. परक्यांनी ठेवलं."

"आन् ती नदी कुटं हाय?"

"फाळणीत बरीचशी गेली पाकिस्तानात. आपल्या इथल्या निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी मंडळी तिकडूनच आली की."

"मग नाव?"

"नाव आपल्याकडेच राहिलं."

"ज्याच्यावरनं पडलं त्येच गेलं, तरी बी?"

गुरुजी हसले. "अहो, नाव कुणी का ठेवलेलं असेना. इतकी वर्षं वापरलं ते आपणच ना? मग आपलंच ते."

थोड्याच दिवसांनी वन्सं औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायच्या कामाला लागल्या, तेव्हा साहेबाने नाव विचारल्यावर म्हणाल्या, "कुसुम." मीही तिथेच कामाला होते, शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता भानगड होणार.

आणि झालीच. चाकणहून वन्संचा धाकटा दीर ज्योतीराम आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "वैनी, कारखान्यात गोजा म्हना की. चाकणची लोकं कामाला येत्यात तितं. दोन-दोन कुसुम हायत म्हनून हसत्यात आमाला. दादाला तरास व्हईल."

मी खवळले. तोंडात शिवीच आली होती. वन्सं मात्र तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "दादाला सांगा," त्या म्हणाल्या, "दहा-बारा वरसं त्या नावानं तुमचं शेण काढलंय. आता त्ये माजं हाय. त्येंनी नवीला दुसरं ठिवावं."

ज्योतीराम गेला. रंगरावांनी नाव काही बदललं नाही, वन्संनीही सोडलं नाही. चाकणला एक कुसुम आणि पिंपरीत एक, असं कितीतरी वर्षं चाललं. त्या दुसरीलाही मूल झालं नाही. दोष कुणात होता ते आता तरी लोकांना कळावं, पण लोकांनी तिलाच वांझ ठरवलं.

मग रंगराव वारले. सांगावा आला, आणि त्यातच होतं की इकडे येऊ नका, रडायला कुसुम आहे इथे. वन्संनी बांगड्या उतरवून फळीवर ठेवल्या आणि कामावर गेल्या. मी दिवसभर रडले. त्या मेल्यासाठी नव्हे. ही बाई कोरडी ठणठणीत बघवत नव्हती म्हणून.

महिना-दीड महिना झाला असेल. आम्ही दोघी कामावरून आलो तर दारापुढच्या ओट्याखाली एक बाई उभी, पांढरं कपाळ, काखेत बोचकं. माझ्याहून लहानच. दिरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. तिला दुसरं दार ठाऊक नव्हतं.

"मी कुसुम," ती म्हणाली, आणि खाली बघायला लागली.

माझ्या अंगाची आग झाली. सवतीच्या दारात त्याच नावाने उभी राहते! मी पुढे झाले, तर वन्संनी मला हाताने मागे सारलं. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणेच काही दिसत नव्हतं.

"त्ये न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हायेरी काय म्हनत व्हते तुला?"

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. कपाळाला आठ्या घातल्या. घरात ठेवलेली वस्तू नेमकी सापडू नये तसं तिचं झालं होतं. आम्ही तिघी तशाच उभ्या. चूल पेटवायची वेळ टळून गेली, आणि तिला काही केल्या ते नाव आठवेना.