भोंग्याबाहेरचा आवाज

भास्करमामा फोन उचलला की "हॅलो" म्हणत नसत. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," असं म्हणायचे आणि मग स्वतःच लक्ष देऊन ऐकायचे. निलंग्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांचं आयुष्य गाड्या पुकारण्यात गेलं. सगळ्या तालुक्याच्या कानांवर त्यांचा आवाज पडला होता, पण बाजारात भाजी घेताना तो कुणीच ओळखत नसे. भोंग्यातून चिरका यायचा. समोरासमोर मात्र चांगला भरदार, गोड होता. "भोंग्यानं माझा आवाज खाल्ला बघ, माय," असं मला म्हणायचे आणि खदखदून हसायचे.

मामीच्या बाबतीत मात्र त्यांना हसता आलं नाही. शकुंतलामामी विहारात भीमगीतं म्हणायची. पौर्णिमा असो की बारसं, ती गायल्याशिवाय लोकांना कार्यक्रम झाल्यासारखा वाटायचा नाही. रिटायर झाल्यावर मामा मोठ्या हौसेने तिला लातूरच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. तिथल्या हुशार मंडळींनी तिच्या गाण्याला एको लावला, सूर कॉम्प्युटरवर घासूनपुसून सरळ केले. घरी ते ऐकून मामीने विचारलं, "ही कोण बाई गाऊन राहिली?" त्यानंतर ती विहारातही गाईना. "माझंच बेसूर आसंल. उगं कशाला बदलतील ते?" एवढंच म्हणाली.

मामांच्या जिवाला ते फार लागलं. मग त्यांनी घरातच स्टुडिओ करायचं मनावर घेतलं. मी लातूरला नोकरीला, त्यामुळे दुकानात त्यांच्यासोबत गेले. दुकानदार एकेका माईकची तारीफ करू लागला. मामांचा सवाल एकच: "आमच्या मंडळींचा आवाज त्यांचा त्यांना वळखू येईल का?"

"काका, हा तर मुंगी चाललेली टिपतो!"

मामा भुलले. तोच माईक घेऊन आम्ही निलंग्याला गेलो आणि त्यांनी मामीची मनधरणी करून तिला एक कडवं म्हणायला लावलं. ऐकायला बसलो, तर त्यात शेजारच्या शेळ्या, कुकरच्या शिट्ट्या आणि दूरवरून स्टँडचा भोंगा! कितीतरी दिवसांनी मामी पोट धरून हसली. "माज्यापेक्षा तुमची एस्टीच जोरात गाऊन राहिली की!"

दुसऱ्याच दिवशी मामा तिला घेऊन पुन्हा दुकानात हजर. "टोपी घ्यायची तर डोकं संगं न्यावं लागतं," मला म्हणाले. मामी प्रत्येक माईकसमोर एकेक ओळ गायली. शेवटी तिला पटला तो साधा, हातात धरायचा, स्टेजवरचा माईक. ओठांजवळचं तेवढं ऐकणारा, शेळ्यांशी देणंघेणं नसलेला. त्याच्यासोबत लॅपटॉपला जोडायची एक छोटी पेटी आणि हेडफोन घेतले. भिंतींना लावायचा फोम मामांनी नाकारला. "घरात हिच्या हातच्या वाकळा हायत की." मागच्या खोलीत दोरीवर त्या वाकळा टांगल्या आणि स्टुडिओ तयार झाला.

तरी मामी अडून बसली. "आदी तुमी बोला. मंग मी."

मामांनी घसा साफ केला. "लक्ष द्यावं. आता शकुंतलाबाई गातील."

मामी गायली. मग पदरावरूनच हेडफोन चढवून, डोळे मिटून तिने स्वतःला ऐकलं. "हाव," ती हळूच म्हणाली, "ही मीच हाय." जन्मभर माईकवर बोललेले मामा तेव्हा नुसता चष्मा पुसत राहिले. मला त्या दोघांचा जो अभिमान वाटला, तो अजून तसाच आहे. पुढच्या पौर्णिमेला मामी विहारात गायली.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. पुण्यानुमोदनाला विहारात तेच गाणं लावलं, मामांनीच विहाराला दिलेल्या छोट्या स्पीकरवर. आधी त्यांचा आवाज आला, तसाच भरदार, गोड. रोज एस्टीने लातूरला ये-जा करणारे एक गुरुजी शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "सुरुवातीला कोण बोललं हो? रेडिओवरचं कुणी का?"

मामी ताठ बसली.

"रेडिओवरचं न्हाई, गुर्जी. रोज तुमची गाडी पुकारायचे, तेच हायत हे."