पालथं पडल्याची साखर

कोपरीच्या मंजुळाबाईंचा राजरत्न पन्नाशीचा. न्यूमोनियाने दवाखान्यात पडलेला. मास्कमधून ऑक्सिजन पुरेपूर सोडला, तरी मशीनवरचा आकडा वर सरकेना. डॉक्टरांना विचारून नर्स मेघना म्हणाली, "पालथं झोपा, दादा." जीव गुदमरेल म्हणून तो ऐकेना. शेवटी मंजुळाबाईच कडाडल्या, "सिस्टर सांगतायत ते मुकाट कर."

मेघनाने त्याच्या छातीखाली उशी सारली, मान एका बाजूला वळवली, नळी मोकळी केली. आकडा हळूहळू चढायला लागला.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई साखरेची डबी घेऊन आल्या. राजरत्न तान्हा असताना पहिल्यांदा पालथा पडला, तेव्हा त्यांनी चाळीत घरोघर साखर वाटलेली. मेघनाच्या तळहातावर चिमूटभर ठेवत त्या म्हणाल्या, "घे बाळा, लेकरू पालथं पडलं माझं."