दूताचे तीन तास

पॅरिसच्या त्या नाटकगृहात आन्सेल्म केर्ने बावीस वर्षे मेणबत्त्यांच्या वाती कापत होता. अंक संपला की झुंबरे खाली यायची, आन्सेल्म कात्रीने काजळी काढायचा, झुंबरे वर गेली की पुढचा अंक. कामात कधी चूक नाही.

मंगळवारी नव्या शोकांतिकेचा पहिला प्रयोग पडला. तिसऱ्या अंकात राजाचा दूत तीन कोसांवरच्या रणांगणाकडे निघाला आणि राणीचे स्वगत संपते न संपते तोच विजयाची बातमी घेऊन हजर! खाली उभ्या प्रेक्षकांतून एक घोगरा आवाज आला, "घोड्याला पंख होते का रे?" मग हशा आणि शिट्ट्या. पुढचे कोणी ऐकलेच नाही.

"शुक्रवारीही असंच झालं तर मंडळी मोडली म्हणून समजा," मालक मोंब्रे म्हणाले.

आन्सेल्मने ते ऐकले. साठीच्या माणसाला दुसरीकडे कोण कामावर ठेवणार?

नाटक लिहिणारा कवी हट्टाला पेटला होता. "इतिहासात दूत खरोखर तासाभरात परतला होता. ग्रंथात लिहिलंय!"

"खरं असेल हो," मालक वैतागले, "पण पटायला नको?"

कात्री पुसत आन्सेल्म म्हणाला, "कविराज, दूताला माझ्या ताब्यात द्या."

"तुझ्या?"

"तिसऱ्याच्या शेवटी त्याला निघू द्या, चौथ्यात परत आणा. रंगमंचावर उजेड असतो तोवर लोक क्षण न् क्षण मोजतात. झुंबरं उतरली की गप्पा मारतात. तेवढ्यात तीन तास गेले म्हणा, कुणी हरकत घेत नाही."

"म्हणजे माझ्या दूताला वातीवाला वाचवणार!"

"निदान घोडा तरी वाचेल," मालक म्हणाले.

कवीने कुरकुरत दोन पाने बदलली.

शुक्रवारी तिसरा अंक संपला. आन्सेल्मने एकेक वात सावकाश कापली. खालून ओरडा झाला, "आजोबा, आवरा! म्हातारे झालो आम्ही!" त्याने मान वर केली नाही.

चौथ्या अंकात दूत धापा टाकत आला. नाटकगृह चिडीचूप. मग तोच मंगळवारचा घोगरा आवाज, पण हलका, शेजाऱ्याला सांगणारा : "बिचारा किती दमलाय बघ."

पडद्याआड आन्सेल्म उलट्या टोपलीवर बसला. कात्री इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले होते. त्याने मूठ सोडली, बोटे चोळली. पाचव्या अंकाआधी झुंबरे पुन्हा उतरायची होती.