इस्त्री केलेला बेडूक

मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नाही. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. एक मशीन, एक लांब टेबल, जोडीदार हरवलेल्या बटणांची बरणी, आणि गिऱ्हाइकाला वाजवीपेक्षा बारीक दाखवणारा आरसा. नव्या तऱ्हेचा कपडा समोर आला की मास्तर कुणाला काही विचारत नसत. तो उसवायचा, तुकड्यांवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवायची आणि सगळं टेबलावर मांडून बघत बसायचं. झबल्यापासून कोटापर्यंतची सारी विद्या त्यांनी अशी उलट्या बाजूनं मिळवली होती. ते डॉक्टर झाले नाहीत हे एका अर्थी बरंच झालं.

त्यांची नात आठवडाभरासाठी राहायला आली. लाडाचं नाव भिंगरी, पण या घरात पाऊल टाकल्यापासून ती कोपऱ्यातल्या स्टुलावरून हलली नव्हती. तिच्याकडे तिच्या दुसऱ्या आजोबांनी, म्हणजे मास्तरांच्या व्याह्यांनी, घडी घालून दिलेला कागदाचा हिरवा बेडूक होता. मागच्या बाजूला बोट दाबून सोडलं की टुणकन उडी मारायचा. भिंगरी सगळे व्यवहार त्याच्यामार्फत करी.

"दूध देऊ का गं?" आजी विचारायची.

"बेडूक नको म्हणतो."

लेकीनं निघताना बजावलं होतं, "बाबा, एक वेळ हिला विसरलात तरी चालेल, बेडकाला जपा. तो गेला की ही घरी जायचा हट्ट धरेल, आणि मग तुम्हाला ऐकायची नाही."

मास्तरांनी आपल्या परीनं प्रयत्न केला. टेपनं नातीच्या डोक्याचं माप घेतलं आणि वर्तमानपत्राची टोपी केली. पोर वाढत्या अंगाची, म्हणून जरा सैल बेतली. टोपी थेट नाकावर उतरली.

"बेडूक म्हणतो, काही दिसत नाही," टोपीतून आवाज आला.

दुपारी भिंगरी झोपली. बेडूक टेबलावर होता. मास्तरांनी तो उचलला, उलटा केला, बोटानं दाबला. बेडूक उडून बटणांच्या बरणीवर आपटला. ना स्प्रिंग, ना इलॅस्टिक. मग हा उडतो कशानं? एवढा प्रश्न पडल्यावर मास्तर एकच गोष्ट करू शकत होते. त्यांनी बेडूक उसवला. घडी घडी करून उलगडला, आणि हाताच्या सवयीनं पाणी शिंपडून इस्त्री फिरवली.

आजी डोकावली. "अहो, हे काय?"

"नमुना काढतोय."

"कसला नमुना? हा तर कोरा कागद आहे!"

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कपडा उसवला तरी गळ्याचा गळा राहतो, बाहीची बाही. इथे सगळा बेडूक घड्यांमध्येच होता, आणि घड्या इस्त्रीखाली गेल्या होत्या. उरला एक चौकोनी हिरवा कागद आणि त्यावर पेनानं काढलेले दोन डोळे, एकमेकांशी भांडण झाल्यासारखे लांब लांब.

"मांजरानं नेला म्हणून सांगा," आजीनं सुचवलं.

"आपल्याकडे मांजर कुठंय?"

एवढ्यात भिंगरी डोळे चोळत दारात आली. तिनं टेबल पाहिलं, कागद पाहिला, डोळे ओळखले. मास्तर खालच्या मानेनं म्हणाले, "मी उघडला. चूक झाली, बाळा."

आता बेडकाला विचारून सांगायची सोय नव्हती. भिंगरी स्वतःच बोलली.

"आत काय होतं?"

"काहीच नाही. मीही तेच बघायला गेलो होतो."

"काहीच नाही?" ती स्टूल ओढत टेबलापाशी आली. कागद उलटून पाहिला, उजेडात धरला. "मग उडत कसा होता?"

"तेच तर कळत नाहीये!"

दोघं कागदावर वाकली. व्याह्यांनी घडी कशी घातली ते भिंगरीला अर्धवट आठवत होतं. उरलेलं मास्तरांनी डोळ्यांवरून काढलं. काजं दिसली की बटणं कुठे लावायची ते कळतं. तसं डोळे वर यायचे तर ही बाजू आत जायला हवी. पहिल्या खेपेला डोळे पोटाखाली गेले.

"हा जमिनीला टक लावून बसलाय," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला एक डोळा डोक्यावर आला, दुसरा पाठीवर.

"राहू दे. मागून कोण येतंय ते दिसेल," मास्तर म्हणाले. घडी नीट बसावी म्हणून त्यांचा हात इस्त्रीकडे गेला.

"आजोबा, इस्त्री नाही!"

हात जागच्या जागी थांबला. भिंगरीनं बेडूक टेबलावर ठेवला आणि बोट दाबून सोडलं. बेडूक उडाला, पण मागे, थेट मास्तरांच्या मांडीवर. आजी इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "घरी जायचं म्हणते का?"

मास्तरांनी फोन भिंगरीपुढे धरला. "आत्ता नाही, आई," भिंगरी म्हणाली. "उलटा का उडतो ते बघायचंय." आणि तिनं स्वतःच्या हातानं बेडूक पुन्हा उसवायला घेतला.