गुण आला

शेवग्याच्या पाल्याचा वास आला की जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचे ते दिवस आठवतात. सून शेवग्याच्या पावडरीच्या गोळ्या ऑनलाइन विकायची. जाहिरातीत आमच्या हिचा फोटो आणि हिचंच बोलणं होतं, "माझ्या गुडघ्यांना गुण आला." ही गेली आणि महिन्याभरात वकिलाची नोटीस आली. सून म्हणाली, "बाबा, 'गुण आला'चं जर्मनमध्ये 'आजार बरा झाला' असं होतं. आपल्या गोळ्या औषध नाहीत, तसं लिहायला इथे बंदी आहे." मी म्हणालो, "मग ती काय खोटं बोलली?" "नाही हो बाबा. आपण नुसतं 'मी रोज घेते' एवढंच लिहूया का?" "आता कुठून घेणार ती?" सुनेने फोटोसकट सगळं काढून टाकलं आणि मी नुसता बघत बसलो. कायदा बरोबरच असेल, मला अडाण्याला काय कळतंय. पण शब्द बदलून बोल म्हणायला तरी ती हवी होती.