शीकाका आणि नवे मशीन

पोलाद बनवणाऱ्या गावात माणसेही पोलादी होतात, असे भिलाईत प्रत्येक समारंभात सांगितले जाते. हुडको कॉलनीत आमच्या शेजारी राहणारे शीकाका उभी नोकरी प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, धगधगत्या भट्ट्यांची दारे गळत नाहीत ना ते बघत उभे राहिले, आणि सार्वजनिक मुतारीच्या वासाने त्यांना भोवळ यायची.

नाव त्यांचे वेगळे होते. पण भाषण, हार, कोनशिला, लग्नातले पनीर, कशावरही त्यांचा अभिप्राय ‘शी!’ एवढाच असे, म्हणून कॉलनीतल्या पोरांनी हे नाव ठेवले. निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल त्यांनी मंचावरच हुंगली आणि साहेबांना विचारले, “डांबरगोळ्यांचा वास येऊन राहिला. आधी कोनाले देली होती?”

घराबाहेर लघवीला जायचे नाही, हा त्यांचा नेम. दुर्गहून रेल्वेने तुमसरला जाताना डब्यातल्या संडासाकडे पाठ करून बसत आणि पाण्याचा घोट घेत नसत. “मले किळस येते बाप्पा. मानूस घरून निंगाला का घरीच येऊन मोकळा व्हावा.”

लघवी लाल झाली तेव्हा त्यांनी बिटावर संशय घेतला. बीट सोडले, भाजीवाल्याला “रंग लावून विकून राहिला का बे?” म्हणून झापले. लघवी लालच राहिली. शेवटी काकूंनी मला हाक मारली आणि आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेले. मूत्राशयात गाठ निघाली.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. कॅन्सर आतल्या अस्तरापुरता असेल तर दुर्बिणीने खरवडून काढायचा आणि लक्ष ठेवायचे. भिंतीच्या स्नायूत शिरला असेल तर बहुधा मूत्राशयच काढावे लागेल, आणि लघवी पोटावरच्या छिद्रातून बाहेर लावलेल्या पिशवीत. किती खोल गेला, याचा अंदाज एमआरआयवर येतो. एमआरआय खरवडण्याआधी काढलेला बरा, नंतर भिंत सुजून चित्र गढूळ होते.

काकांनी यातले एकच ऐकले. “पोटाले मुताची पिशवी टांगून फिरू? शी! तसं असन तं मले मरू द्या.”

गावात नुकतेच एक एमआरआय तपासणी केंद्र उभे राहिले होते. उद्घाटनाच्या दिवशी पहिला नंबर तुमचाच, असे केंद्रवाल्यांनी काकांना कळवले. तपासणीला मूत्राशय बेताचे भरलेले लागते, म्हणून काका सांगितलेल्या वेळी पाणी पिऊन हजर झाले. प्रमुख पाहुणे असलेले नेते हजर नव्हते.

झेंडूच्या कमानी होत्या, बँड होता. मशीनच्या खोलीत लोखंड चालत नाही, म्हणून तंत्रज्ञ दारात आडवा उभा राहून पूजेचे स्टीलचे ताट अडवत होता आणि व्यवस्थापक त्याच्यावर डोळे वटारत होता. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. कपाळावर घाम. त्यांना कोणी विचारले नाही. नेते आले तेव्हा मात्र काकांना ओढत नेऊन, हातात गुच्छ कोंबून फोटो काढला, कारण पहिला रुग्ण लागतो.

मग भाषण. “धैर्य ही सबसे बड़ी दवा है,” नेते म्हणाले.

“शी!” काका माझ्या कानाशी म्हणाले. “याले दोन गिलास पानी पाजून उभा ठेव, मंग धैर्य सांग म्हना.”

थोड्या वेळाने ते उठले. कोपऱ्यात पाहुण्यांसाठी राखीव प्रसाधनगृह होते. दारालाही हौसेने रिबन बांधली होती. काकांनी ती खाली ओढली आणि जन्माचा नेम मोडून आत गेले. बाहेर आले ते माझ्याकडे न बघता. भाषण संपल्यावर नेते त्याच दाराने आत गेले, लगेच बाहेर आले आणि चहाला थांबले नाहीत. काकांना पुन्हा पाणी पिऊन बसावे लागले. स्कॅन संध्याकाळी झाला.

पडद्यावर डॉक्टरांनी स्नायूची काळी रेघ दाखवली. एका जागी ती तुटली होती. काकांनी त्या जागेवर बोट ठेवले. “दार गळून राहिलं,” एवढेच म्हणाले. पुढे खरवडून काढलेल्या तुकड्यानेही तेच सांगितले.

पिशवीला ते नाहीच म्हणत होते. काकूंनी भांडी घासता घासता निकाल दिला. “तीन पोट्टे झाले, त्यायचे लंगोट म्या धुतले. तवा तुमी शी मनून अंगनात जाऊन उभे राहत होते. आता मी पिशवी बदलीन, आन तुमी उभे राहान. अंगनात नाई, माह्यापुढं.”

काका उभे राहिले. ऑपरेशन झाले, आणि पिशवी घेऊन ते काकूंबरोबर तुमसरच्या फेऱ्या करू लागले, खिडकीशी बसून, बाटलीभर पाणी पीत. “पाहा, सारे रांगेत उभे हायत,” संडासाकडे हात करून ते मला म्हणाले. “शी!”

पुढे आजार फुप्फुसात पोचला आणि काका गेले. कॉलनीच्या शोकसभेला तेच नेते आले. उद्घाटनाच्या दिवशी आपण या माणसाचे पोलादी धैर्य डोळ्यांनी पाहिले, असे म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी डोळे पुसले आणि पदराआडून स्पष्ट ‘शी!’ म्हटले.

केंद्राच्या दर्शनी भिंतीवर गुच्छाचा तो फोटो अजून आहे. खाली उद्घाटक म्हणून नेत्यांचे नाव कोरले आहे. त्या इमारतीत सर्वांत आधी वापरात आले ते मात्र पाहुण्यांचे प्रसाधनगृह, काकांच्या हस्ते. फ्लशच्या टाकीला तेव्हा पाणी जोडलेले नव्हते.